विमानं गेली, मैदान राहिलं

विसरवाडीहून मी तुमची गटाची ताई बोलते आहे. गटाची बैठक म्हटली की आपण बचत, कर्ज, हप्ता, वही यांबद्दल बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे, गावाच्या मोकळ्या जागेचा. आणि त्यासाठी तुम्हाला थेट जर्मनी देशातल्या बर्लिन शहरात घेऊन जाणार आहे.

पण आधी माझीच एक चूक सांगते. आमच्या भागातल्या एका पाड्याजवळ मोकळी जागा आहे. गटांना बसायला हॉल हवा म्हणून मीच पुढाकार घेतला आणि त्या जागेवर हॉल बांधावा असा ठरावाचा कागद तयार केला. बैठकीत तो वाचून दाखवला. सगळ्या गप्प बसल्या. मला वाटलं, संमती आहे. तेवढ्यात मागे बसलेली एक आजी म्हणाली, "ताई, मीटिंग झाडाखालीबी होते. शेळी हॉलात चरणार का?"

मी बीए झालेली, कागद लिहिणारी. पण त्या जागेवर रोज काय काय चालतं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. मग आम्ही तिथेच बसून यादी केली. शेळ्या चरतात. मोहाची फुलं वाळत घालतात. भाताचं खळं तिथेच होतं. लग्नाचा मांडव तिथे पडतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे तिथेच धावतात. ऊसतोडीला गुजरातमध्ये जाणाऱ्यांच्या गाड्या तिथूनच भरतात. कागदावर 'मोकळी जागा' लिहिलेली ती जागा एक दिवससुद्धा मोकळी नसते.

आता बर्लिनची गोष्ट ऐका. त्या शहराच्या मध्यात टेम्पलहोफ नावाचा विमानतळ होता. तो १९२३ साली सुरू झाला. त्याआधी ते सैन्याच्या कवायतीचं मैदान होतं. हिटलरच्या काळात तिथे मोठी इमारत उभी राहिली. त्याच परिसरात लोकांना डांबून छळणारा तुरुंग होता आणि युद्धात पकडून आणलेल्या लोकांकडून तिथे सक्तीने विमानांची कामं करून घेतली. म्हणजे ती जागा दुःखाचीही साक्षीदार आहे.

युद्धानंतर बर्लिन शहराचे भाग पडले. जून १९४८ मध्ये सोव्हिएत सैन्याने शहराच्या पश्चिम भागाकडे जाणारे रस्ते आणि रेल्वे बंद केली. वीसेक लाख माणसं अडकली. पीठ, दूधपावडर, कोळसा, सगळं विमानाने आणावं लागलं. पुढच्या वर्षापर्यंत पावणेतीन लाखांच्या आसपास फेऱ्या झाल्या. त्यांतली पुष्कळ विमानं टेम्पलहोफला उतरत. काही वैमानिक हातरुमालाची छत्री करून मुलांसाठी खाऊ खाली सोडत. त्यामुळे त्या मैदानाशी शहरातल्या आजीआजोबांचा जीव जडलेला आहे.

शहर वाढलं, विमानतळ मध्येच सापडला. तो बंद करायचं ठरलं तेव्हा एप्रिल २००८ मध्ये 'विमानतळ चालूच ठेवा' या मागणीवर लोकांचं मतदान झालं. तिथला नियम असा की, जास्त मतं बाजूने हवीत आणि शिवाय एकूण मतदारांपैकी किमान चौथा हिस्सा बाजूने हवा. झालेल्या मतदानात बाजूची मतं जास्त होती, पण चौथा हिस्सा भरला नाही. मागणी पडली. बहिणींनो, हे आपल्या ग्रामसभेच्या कोरमसारखंच आहे. घरी बसून राहिलेल्यांचाही निकालात वाटा असतो.

ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस शेवटचं विमान उडालं. मे २०१० मध्ये कुंपणाची दारं लोकांसाठी उघडली. आत सुमारे ३०० हेक्टर, म्हणजे साधारण ७४० एकर मोकळं रान होतं. दोन धावपट्ट्या, प्रत्येकी दोन किलोमीटरच्या जवळपास. शहरात एवढी जमीन! किंमत काय असेल, तुम्हीच विचार करा.

तिथे बाग बांधली, कारंजी लावली, असं काही झालं नाही. जागा होती तशीच ठेवली. धावपट्टीवर लोक सायकल चालवतात, पतंग उडवतात, मुलं चाकांचे बूट घालून पळतात. एका बाजूला शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी मिळून भाजीपाला लावला आहे. जमीन खोदायची नाही म्हणून लाकडी खोक्यांत माती भरून वाफे केले. गवतात चंडोल पक्षी जमिनीवरच घरटं करतो. त्याच्या विणीच्या दिवसांत तो भाग दोरी-कुंपणाने बंद ठेवतात. कुत्र्यांना सोडायची जागा वेगळी, चूल पेटवून खायची जागा वेगळी. रात्री दारं बंद. म्हणजे 'सगळ्यांचं' असलं तरी 'वाटेल ते करा' असं नाही.

पुढे शहराच्या सरकारने मैदानाच्या कडेकडेने बांधकाम करायचं ठरवलं. सुमारे ४,७०० घरं, दुकानं-कचेऱ्या आणि मोठं ग्रंथालय. मधला भाग मोकळाच राहणार होता. लोक म्हणाले, आज कड जाईल, उद्या मध्य जाईल. त्यांनी पावणेदोन लाखांहून जास्त सह्या जमवल्या आणि २५ मे २०१४ ला पुन्हा मतदान झालं. या वेळी ६४ टक्के मतं मैदान पूर्ण मोकळं ठेवण्याच्या बाजूने पडली आणि चौथ्या हिश्श्याची अटही पूर्ण झाली. लोकांनी लिहिलेला मसुदाच कायदा झाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. घरं बांधा म्हणणारे काही दुष्ट नव्हते. बर्लिनमध्ये भाडं परवडत नाही, घर मिळत नाही, हे खरंच आहे. आपल्याकडेही घरकुलाला जागा नसते, तेव्हा अशीच ओढाताण होते. २०१५ मध्ये युद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांना त्या जुन्या विमानतळाच्या इमारतीत ठेवलं आणि पुढच्या वर्षी मैदानाच्या कडेला तात्पुरती निवाऱ्याची सोय करता यावी म्हणून कायद्यात बदल केला. घरांचा वाद आजही पुन्हा पुन्हा निघतो. एकदा मतदान जिंकलं म्हणजे काम संपलं, असं तिथेही नाही.

आपल्या राज्यात मुंबईत महालक्ष्मीचं रेसकोर्स आहे. १८८३ पासून तिथे घोड्यांच्या शर्यती होतात. जागा २११ एकर. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यातली १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेला द्यायचा निर्णय घेतला. बाकी ९१ एकर शर्यतींकडे राहिली. तिथेही लोक हेच विचारत होते की, बागेच्या नावाखाली बांधकाम तर होणार नाही ना?

आता आपल्या गावात या. आपल्याकडे विमानतळ नाही, पण गायरान आहे, गावठाणातली मोकळी जागा आहे, खळ्याची, बाजाराची, स्मशानाची जागा आहे. पंजाबमधल्या एका गावात तळं बुजवून त्यावर घरं बांधली होती. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, गावाची सामाईक जमीन बेकायदा बळकावलेली असेल तर ती मोकळी करून गावाला परत द्यायची योजना सगळ्या राज्यांनी करावी. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही गायरान सांभाळण्याचा शासन निर्णय काढला.

शिवाय आपला नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. इथे १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम लागू आहेत. गावाच्या साधनसंपत्तीबद्दल ग्रामसभेच्या शब्दाला त्यात वजन आहे. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या राज्याचा कायदाच सांगतो. तिथे सही करून घरी यायचं नाही. तिथे बोलायचं.

मग करायचं काय?

पहिलं, जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. तलाठ्याकडून सातबारा काढा. त्यावर सरकार, गुरचरण, गावठाण असं काय लिहिलं आहे ते गटात मोठ्याने वाचा.

दुसरं, वापराची यादी करा. पावसाळ्यात काय, उन्हाळ्यात काय, पहाटे कोण, दुपारी कोण. ज्या बायकांना शेत नाही, शेळीच आहे, त्यांना आधी विचारा. ऊसतोडीला गेलेल्या घरांना ती परत आल्यावर विचारा. त्यांच्या मागे ठराव घेऊ नका.

तिसरं, नियम ठरवा. चराईची बाजू कोणती, खळं कधी, झाडं कुठे लावायची, कचरा कोण उचलणार. नियम नसलेल्या जागेवर जोरावर माणूस कुंपण घालतो.

चौथं, हे सगळं महिला सभेत मांडून ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल गटाच्या फाइलमध्ये ठेवा. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो.

आमच्या पाड्याचं सांगते. हॉलचा कागद मी मागे घेतला. हॉल आम्हाला अजूनही हवाच आहे. पावसात झाडाखाली वही भिजते, हेही खरं आहे. पण तो कुठे बांधायचा, हे आता त्या आजीसकट सगळ्या मिळून ठरवणार आहोत. पुढच्या महिला सभेत आमची यादी वाचली जाईल. वाचणार मी नाही. ती आजी सांगेल, आणि मी लिहून घेईन.

तुमच्या गावची यादीही करा, बहिणींनो.