अरुंद तारेवरचा रस्ता

मोडेमची किरकिर ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती विसरता येत नाही. आधी फोनचा टोन, मग नंबर फिरल्याची टकटक, मग दोन यंत्रांची ओरड आणि एकदम शांतता. ती शांतता म्हणजे लाईन लागली. डायलअपचं खरं कसब मला त्यानंतरचं वाटतं. हाती आलेली एकच अरुंद तार कुणाकुणात वाटायची आणि तिच्यावरून काय जाऊ द्यायचं, हे ठरवण्याचं.

आपल्याकडे याची सुरुवात मुंबईत झाली. 1986 मध्ये अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं उभं राहू लागलं आणि जुहूची एनसीएसटी ही संशोधन संस्था व पवईची आयआयटी यांच्यात साध्या फोनलाईनवरून ईमेल जाऊ-येऊ लागली. एनसीएसटीची धुरा तेव्हा डॉ. श्रीनिवासन रमणींकडे होती. त्या ईमेलच्या पद्धतीत यंत्रं ठरल्या वेळी एकमेकांना फोन लावत आणि साठलेलं टपाल देत-घेत. रस्ता पत्त्यातच लिहायचा: वाटेतल्या यंत्रांची नावं ओळीने आणि दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह. मधलं एक नाव चुकलं की पत्र अडकलं.

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. पुढे घरात दुसरा संगणक आला आणि रस्त्याचा प्रश्न आमच्या टेबलावर येऊन बसला. मोडेमच्या संगणकाला बाहेरचा पत्ता एकच मिळे, तोही पुन्हा लाईन लावली की बहुधा बदललेला. दुसऱ्याला घरगुती पत्ता द्यायचा, म्हणजे 192.168.0.2, आणि सांगायचं की ज्याचा ठावठिकाणा तुला ठाऊक नाही ते सगळं 192.168.0.1 कडे सोपव. ही डिफॉल्ट गेटवेची ओळ. मोडेमवाला संगणक माहितीच्या पाकिटावरचा घरगुती पत्ता पुसून आपला घालतो, वहीत नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. 1999 च्या विंडोज 98 सेकंड एडिशनमध्ये ही सोय तयार मिळाली. लिनक्सवाले तेच नियम हाताने लिहीत.

गोम होती ती गरज पडताच आपोआप नंबर फिरवण्यात. संगणक स्वतःशीच नावांची चौकशी करत असतात. त्यातली एक बाहेर निसटली की रात्री दोन वाजता मोडेम जागा होई. आमच्या घरी तो असा किती रात्री ओरडला, ते बिल आल्यावर कळलं. मग बसून एकेक नियम लिहिला: कुठल्या पाकिटासाठी लाईन लावायची आणि कुठलं घरातच अडवायचं. रूटिंग म्हणजे काय, हे मी तेव्हा शिकलो.

हाच विचार फार मोठ्या मापावर मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याने केला. तिथल्या एखाद्या खेड्यातल्या माणसाला जिल्ह्याच्या गावाहून कागद आणायचा म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. 1 जानेवारी 2000 ला धारमध्ये 'ज्ञानदूत' हे जाळं सुरू झालं. गावोगावच्या सूचनालयांतून, म्हणजे माहिती केंद्रांतून, संगणक डायलअपने धारच्या सर्व्हरला जोडले जात. मंडीचे भाव, जमिनीच्या खसऱ्याची नक्कल, हातपंप बंद पडल्याची तक्रार, सगळं तिथूनच. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. मला त्यातलं मोठं शहाणपण हे वाटतं की ते इंटरनेट नव्हतं, जिल्ह्यापुरतं इंट्रानेट होतं. गावाला लागणारी माहिती धारमध्येच होती. तिला जगभर फिरवायची गरज कुणाला होती? पण सगळ्या वाटा धारलाच जात आणि दुसरी वाट नव्हती. फोनची तार खराब झाली किंवा वीज गेली की सूचनालय गप्प. तारेच्या अडचणीवर उपाय म्हणून आयआयटी मद्रासच्या कॉरडेक्टची बिनतारी वाटही तिथे आणली गेली. तिचा वेग 35 किंवा 70 केबीपीएस आणि टप्पा साधारण 10 किलोमीटर.

महाराष्ट्रात वारणेच्या सहकारी साखर कारखान्याने 1998 मध्ये 70 गावांत संगणक बसवले. ऊस किती टन गेला, बिल किती निघालं, खत किती उचललं, हे शेतकऱ्याला गावातच कळावं म्हणून. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी तिथे येऊन पाहिलं, तर प्रत्यक्षात जा-ये करणारी माहिती अगदी थोडी, काही आकड्यांची. मग काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइल दिला. शेतकरी एक एसएमएस पाठवी आणि त्याच्या उसाचं वजन त्याच्या हातातल्या फोनवर येई.