साधनेची मालकी

साधनेबरोबर साधकाचा ‘मी’ही वाढू लागला की जप, ध्यान, दीक्षा, गुरूशी असलेली जवळीक ही सारी मिळकत होऊन बसते. या विकाराला ‘आध्यात्मिक भौतिकवाद’ हे नाव तिबेटी लामा चोग्याम त्रुंगपा यांनी रूढ केले. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९७३ साली निघाले. त्यांचे स्वतःचे मद्यपान आणि थाटमाट पुढे वादाचा विषय झाला, तो भाग निराळा.

दुखणे मात्र जुनेच. विनयपिटकातील कथेत पिंडोल भारद्वाज ऋद्धीच्या, म्हणजे चमत्कारशक्तीच्या, बळावर हवेत उडतो आणि उंचावर टांगलेले चंदनाचे पात्र काढून आणतो. बुद्ध त्याची कानउघाडणी करतात, पात्र फोडायला लावतात आणि गृहस्थांपुढे ऋद्धी दाखवण्यास भिक्षूंना मनाई करतात. ख्रिस्ती परंपरेत पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पैसे मोजून मागणारा सायमन आहे; इस्लामने लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या इबादतीला ‘रिया’ म्हणून दोष दिला आहे.

ही चिकित्सा पश्चिमेकडून आली असे मानणारे, आणि समर्थ रामदासांना बलोपासनेपुरतेच उरवणारे, या दोघांनीही समर्थांच्या दासबोधाचा पाचवा दशक उघडलेला दिसत नाही. समर्थांच्या सज्जनगडाच्या छायेतल्या साताऱ्यात तरी हे व्हायला नको होते. त्या दशकाचा दुसरा समास करामती दाखवणाऱ्या गुरूला सद्गुरूंच्या यादीतून सरळ वगळतो. शिष्याला साधनेला न लावणारा, इंद्रियदमन न शिकवणारा गुरू कवडीमोलाने मिळाला तरी सोडावा, असे तो बजावतो. तिसरा समास शिष्यालाही मोकळे सोडत नाही. पाचव्यात तर घोडा, हत्ती, नाणी, रत्ने यांची पारख, इतकेच काय, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, हे सारे एकेक करून मांडले आहे आणि यातले काहीच आत्मज्ञान नव्हे असा निकाल दिला आहे. दुसऱ्या दशकातला ‘पढतमूर्ख’, म्हणजे शिकूनही मूर्खच राहिलेला, याच जातीचा.

औदुंबरच्या दत्तापासून मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यापर्यंत नवसाची देवघेव चालते. ती उघड असते, म्हणून कमी घातक. आपण काही मागत नाही, याचाच ज्याला अभिमान वाटतो, त्याचा रोग अधिक खोल.

माण तालुक्यातील गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) नाम आणि अन्नदान यांवर भर दिला. तिथल्या पंगतीत आजही जेवणाचे पैसे घेत नाहीत. गाडगेबाबा पाया पडायला आलेल्यावर काठी उगारत आणि आपला कोणी शिष्य नाही असे सांगत. तरीही रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडच्या महाविद्यालयाला ‘सद्गुरू गाडगे महाराज’ हेच नाव दिले. महाराष्ट्राला सद्गुरू केल्यावाचून कृतज्ञता दाखवता येत नाही, हेच खरे.

बाबागिरीशी लढण्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभारली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला.

आता जपाचा हिशेब मोबाइल ठेवतो, शिबिरांची यादी परिचयपत्रात झळकते आणि दर्शनाला पैसेवाल्यांची वेगळी रांग लागते. कायदा फसवणाऱ्या बाबाला गाठू शकतो; जपाच्या आकड्यावर फुगणारा भक्त त्याच्या कक्षेत येत नाही. साधनेने अहंकार उतरला की चढला, ही तपासणी ज्याची त्यानेच करायची, आणि ती टाळणाऱ्याला कितीही चांगला गुरू भेटून उपयोग नाही.