साहेबानं सांगावं की विचारावं?

नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मुखवटे बनवायला बसवलं. एक गटप्रमुख नुसते हुकूम सोडायचा, दुसरा मुलांशी बोलून काम ठरवायचा, तिसरा कशातच लक्ष घालायचा नाही. हुकूम सोडणारा खोलीबाहेर गेला की काम मंदावायचं. २० पैकी १९ मुलांना त्याच्यापेक्षा चर्चा करणारा प्रमुख आवडला. १९३९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि नेतृत्वाच्या अभ्यासाचा पाया ठरला.

रॉबर्ट मीड यांनी तसाच प्रयोग भारतातल्या मुलांवर केला. १९६७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष नेमके उलटे होते: हुकूम देणाऱ्या प्रमुखाच्या हाताखाली मुलांचा उत्साह टिकला, काम जास्त झालं आणि चांगलंही.

मोठ्यांचं काय? एकाच कंपनीच्या अमेरिका, मेक्सिको, पोलंड आणि भारतातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन देशांत निर्णयाचे अधिकार मिळालेले लोक अधिक समाधानी होते. भारतात मात्र अधिकार जास्त, तिथे समाधान कमी. जिथे निर्णय घेणं हे वरिष्ठाचंच काम मानलं जातं, तिथे ‘तूच ठरव’ म्हणणारा साहेब जबाबदारी झटकतोय असं वाटू शकतं.

एकच वागणूक दोन ठिकाणी वेगळी दिसते, हे जपानच्या ज्युजी मिसुमींसह काही संशोधकांनी १९८९ साली दाखवलं. हाताखालच्या माणसाच्या घरगुती अडचणीबद्दल साहेब त्याच्या माघारी इतरांशी बोलला, तर जपान आणि हाँगकाँगमध्ये ती आपुलकी ठरली. ब्रिटन-अमेरिकेत तोच आगाऊपणा.

म्हणजे आपल्याकडे दंडुकाच हवा? हा निष्कर्ष सोपा आहे, आणि साफ चुकीचा. एक तर देशाची सरासरी समोरच्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. दुसरं, पाटण्याच्या जय बी. पी. सिन्हा यांनी भारतीय कार्यालयांचा अभ्यास करून १९८०च्या पुस्तकात मांडलेला नेता दरडावणारा नव्हताच. तो कामात तडजोड करत नाही, पण माणसाची विचारपूस करतो, शिकवतो, चांगल्या कामावर माया करतो. सिन्हांच्या मांडणीचा पुढचा भाग मात्र अनेक साहेब सोयीस्करपणे विसरतात. नवख्याला हात धरून शिकवायचं आणि तो तयार होईल तसतसं त्याला निर्णयात सामील करून घ्यायचं, कारण तोवर त्याला स्वतःच तो वाटा हवासा झालेला असतो.