सीआरपीचा आकडा आणि बिलातली ओळ

(रक्ततपासणीची लेखमाला : लेखांक ६)

मागच्या लेखांकात ईएसआर पाहिला. रिपोर्टवर बहुतेक वेळा त्याच्या जोडीनेच येते ती सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन.

झाशीत मराठेशाहीच्या काळात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची घरं आजही आहेत. मुलं पुण्या-मुंबईला, आईवडील तिथेच, असं चित्र त्यांतल्या अनेक घरांत दिसतं. वडिलांना ताप आला की कानपूर रोडवर, महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या एखाद्या लॅबमध्ये रक्त दिलं जातं. ललितपूर, दतिया, टीकमगडचे रुग्णही उपचारांसाठी झाशीलाच येतात. संध्याकाळी रिपोर्टचा फोटो मुलाच्या फोनवर पोचतो आणि काळजी सुरू होते ती त्या एका आकड्यावरून.

तो आकडा वाचण्याआधी त्याच्या पुढचं एकक वाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहितात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. झाशीचा ४.८ प्रति डेसिलिटर असेल, तर तो ४८ प्रति लिटर होतो. पुण्यात बसून ‘पाचाच्या आत आहे, नॉर्मल आहे’ असं ठरवलं तर दहापटीची चूक होते. उलटंही घडतं. उपचारानंतर दुसऱ्या लॅबने वेगळ्या एककात रिपोर्ट दिला, की उतरलेली सीआरपी चढल्यासारखी दिसते.

दुसरी गोष्ट पद्धतीची. लॅटेक्स स्लाइडवरची जुनी, स्वस्त चाचणी साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर ‘पॉझिटिव्ह’ म्हणते, फार तर रक्तद्रव पातळ करत १२, २४, ४८ असे दुपटीचे टप्पे सांगते. ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने घरचे हबकतात. वास्तविक त्यातून कोणत्याही आजाराचं नाव कळत नाही. यंत्रावर मोजलेली, नेमका आकडा देणारी चाचणी वेगळी आणि तिचा दरही वेगळा. पावतीवर कोणती लिहिली आहे आणि रिपोर्टमध्ये कोणती आली आहे, हे ताडून पाहणं हा रुग्णाचा हक्क आहे. तिसरी एचएस-सीआरपी. ती हृदयविकाराच्या जोखमीचा अंदाज घेण्यासाठी असते. तिथे १ च्या आत कमी जोखीम आणि ३ च्या वर जास्त. तापलेल्या माणसाची एचएस-सीआरपी करून हृदयाबद्दल काहीच कळत नाही. ‘फुल बॉडी’ पॅकेजात ती आली असेल, तर ताप उतरेपर्यंत थांबावं.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे प्रथिन न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. संसर्ग किंवा इजा झाली की इंटरल्यूकिन-६ च्या इशाऱ्यावर यकृत ते बनवू लागतं. सहा-आठ तासांत पातळी वाढते, ४८ तासांच्या सुमारास शिखर गाठते. कारण नाहीसं झालं की साधारण १९ तासांत ती निम्मी होते. ईएसआर मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, शिवाय वय आणि रक्तक्षय यांनीही वाढतो. म्हणूनच उपचार लागू पडतोय का, हे सीआरपीच लवकर सांगते. शस्त्रक्रियेनंतर ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, हे अपेक्षितच. चौथ्या-पाचव्या दिवशीही उतरत नसेल, तर सर्जन जखमेकडे, पोटाकडे बारकाईने पाहतात.

एकट्या आकड्यावरून निदान होत नाही, हे मला आग्रहाने सांगायचं आहे. मलेरियातही सीआरपी भरपूर वाढते, क्षयातही, संधिवातातही. पावसाळ्यानंतरच्या तापात मलेरिया-डेंगीची तपासणी आणि गरज असेल तर अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं ब्लड कल्चर यांची जागा ती घेऊ शकत नाही. तिचा खरा उपयोग अँटिबायोटिक टाळण्यात आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत छातीच्या संसर्गाबद्दल सुचवलं होतं की निदान स्पष्ट नसेल तेव्हा सीआरपी २० च्या आत असल्यास अँटिबायोटिक नेमाने देऊ नये, १०० च्या वर असल्यास द्यावं. आपल्याकडे मात्र आकडा जरा वाढला की औषध आणि औषध सुरू झालं की रोज आकडा, असं चक्र फार सहज सुरू होतं.

त्या चक्राचा खर्च बिलात ‘इन्व्हेस्टिगेशन्स’ या एका ओळीत दडतो. तपशीलवार बिल मागा. कोणती चाचणी, कोणत्या तारखेला, किती वेळा. अतिदक्षता विभागात रोजच्या सीआरपीला कारण असू शकतं, पण प्रथिन निम्मं व्हायलाच १९ तास लागत असतील, तर दिवसातून दोनदा ती कशासाठी, हे डॉक्टरांना आदराने विचारावं. उत्तर प्रदेशने केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारला आहे. त्याच्या नियमांनुसार दर दर्शनी भागात, स्थानिक भाषेतही लावायचे असतात. चाचण्यांवर जीएसटी नाही, तेव्हा पावतीत तो दिसला तर हरकत घ्या.

वडील सत्तरी ओलांडलेले असतील, तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यास आधीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस यांतल्या संबंधित चाचण्या पॅकेजातच धरलेल्या असतात. खासगी विमा असेल, तर केवळ तपासण्यांसाठी झालेली भरती कंपनी नाकारते. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट आणि पावती हे तिन्ही कागद एकत्र ठेवा, आणि चिठ्ठीवर तापाचे दिवस व संशयित निदान लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात प्रोकॅल्सिटोनिन : सीआरपीपेक्षा बरीच महाग चाचणी, आणि तिचे पैसे कोणत्या रुग्णात खर्चायला हवेत.