लेझीम खेळा, पण पाणी पिऊन

एप्रिल लागला की चामोर्शी तालुक्यातल्या वस्त्यांत विहारापुढचं अंगण झाडून निघतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी लेझीम बसवायची असते. मिरवणूक झाली तरी बाया थांबत नाहीत. सरावाच्या नावाखाली बुद्धपौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी जमतात. आम्हाला हे फार आवडतं. मे महिन्यात पहाटेपासून तेंदूपत्ता तोडून, पुडे बांधून आलेली बाई अर्धा तास स्वतःसाठी नाचते. आठवड्यात निदान १५० मिनिटं व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस. हिशेब तिथंच पुरा होतो.

काही जुनी माणसं मात्र अजून नाक मुरडतात. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली आणि अनेक गावांत आपल्या आजोबांनी गावकीचं वाजवणं सोडलं. पुन्हा नाचगाणं कशाला, असं त्यांचं म्हणणं. हुकमावरून वाजवणं वेगळं, आपल्या पोरी आपल्या अंगणात खेळतात ते वेगळं, एवढंच आम्ही त्यांना सांगतो.

आमची काळजी दुसरीच आहे. दोन वर्षांपूर्वी एका वस्तीत सराव रंगात असताना सोळा वर्षांची एक पोर पोटऱ्या धरून खाली बसली. कुणी म्हणालं नखरे, कुणी म्हणालं नजर लागली. दुखणं वाढतच गेलं. दवाखान्यात नेताना आईनं हळूच सांगितलं, पोरीला सिकलसेल आहे. लग्न जमणार नाही या भीतीनं घरानं लपवलं होतं.

पोरीला विचारलं, शेवटचं पाणी कधी प्यायलीस? दुपारी जेवताना. का? विहाराजवळ संडास नाही. पाणी प्यायल्यावर लघवीला जायचं कुठं?

सिकलसेलमध्ये लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. अंगातलं पाणी कमी झालं, दम फार लागला, की त्या बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं ठणकतात. पूर्व विदर्भात बौद्ध, गोंड, परधान, तेली, कुणबी अशा अनेक समाजांत हा आजार आहे. तो आईबापांकडून येतो, नजरेनं नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा. पत्रिका बघण्याची रीत आपण सोडलीच आहे, रक्त बघा.

अशा पोरीला घरात कोंडून ठेवायचं का? नाही. तिनं खेळावं, पण डॉक्टरला विचारून, दमाआधी थांबून. दर पंधरा मिनिटांनी सगळ्याच बायांनी बसावं, म्हणजे ती एकटी वेगळी दिसत नाही. घामेजल्या अंगानं कूलरपुढे उभं राहू नये, बर्फाचं पाणी अंगावर घेऊ नये; एकदम गार लागलं तरी तिचं दुखणं उठतं. ताप, छातीत दुखणं, धाप, अंगाची एक बाजू लुळी पडणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, १०८ लावा.

उन्हाचं थोडक्यात. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो; खिशातला कांदा त्याला अडवत नाही. सराव दिवस मावळल्यावरच. माठातलं पाणी, ताक, आंबील चालेल. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चहाच्याच चमच्यानं. शुगर-बीपीवाल्यांनी हे विचारून घ्यावं. कुणी बरळायला लागली आणि अंग भाजत असेल तर सावलीत न्या, ओल्या कापडानं पुसा, वारा घाला, १०८ बोलवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

त्या वस्तीत आता विहाराशेजारच्या एका घरानं सरावाच्या वेळेपुरता आपला संडास उघडा ठेवला आहे. अंगणात दोन माठ आले. पोर मधल्या रांगेत खेळते, थकली की पायरीवर बसून टाळ्यांनी ठेका देते. विहाराजवळ बायांसाठी शौचालय हवं, असा अर्ज ग्रामपंचायतीत गेला आहे. त्यावर पहिली सही तिच्या आईची आहे.