दोन धनिकांची घरे

गंधवानीहून मांडवगडास आम्ही अनेकदा गेलो आहोत. बरोबरची मंडळी जहाजमहाल पाहून परतण्याची घाई करतात. आम्ही मात्र त्यांस गदाशहाच्या घराकडे ओढून नेतो. फारसीत ‘गदा’ म्हणजे भिकारी. ज्याच्या पडक्या कमानी आजही छाती दडपून टाकतात, त्या धनिकाला हे नाव कसे चिकटले असेल? दुसऱ्या महमूद खिलजीचा प्रबळ मंत्री मेदिनीराय तो हाच, असे काही अभ्यासक मानतात. घरात एक सरदार व त्याची स्त्री यांच्या भित्तिचित्रांचे अवशेष आहेत. ती कोणाची, हे खात्रीने सांगता येत नाही.

ते पुसट रंग पाहताना आम्हांस रोममधील एक घर आठवते. चेलियो टेकडीवर संत योहान व संत पौल यांची बासिलिका आहे. (हे प्रेषित नव्हेत; चौथ्या शतकातील दोघे भाऊ.) १८८७ साली तेथील पॅशनिस्ट संघाचे फादर जेर्मानो यांनी हुतात्म्यांच्या कबरीच्या शोधार्थ वेदीखाली खोदकाम केले. संत जेम्मा गाल्गानी हिचे आध्यात्मिक मार्गदर्शक पुढे झाले ते हेच. कबर शोधता शोधता वीसांहून अधिक खोल्या हाती लागल्या! मुळात ती भाडेकरूंची इमारत, खाली रस्त्याच्या बाजूस दुकाने. तिसऱ्या शतकात तिचे रूपांतर एका श्रीमंत घरात झाले. २००२ पासून ते लोकांस पाहण्यास खुले आहे.

आम्ही उन्हातून त्या गारव्यात उतरलो. एका खोलीत फुलांच्या माळा, पक्षी, पंख असलेली मुले. दुसरीच्या भिंती संगमरवरी वाटल्या. जवळ गेलो तो नुसता रंग! धनिकासही खरा संगमरवर महाग पडला असावा. आणखी एका खोलीत हात पसरून प्रार्थना करणारी आकृती आहे. मिस्साच्या वेळी आम्हीही तसेच उभे राहतो. ती ख्रिस्ती आहे की नाही, यावर विद्वानांचा वाद आहे.

३६२ साली जूलियन बादशहाच्या काळी त्या दोघा भावांस याच घरात मारून पुरले, अशी परंपरा आहे. तिच्याविषयीही शंका घेतल्या जातात. त्यांची नावे मात्र मिस्साच्या रोमन कॅननमध्ये आजही आहेत. भिंती रंगवून घेणाऱ्या घरधन्याचे नाव कोणास ठाऊक नाही.

निघण्यापूर्वी एका अरुंद जागी थांबलो. चौथ्या शतकाच्या अखेरचे एक छोटे चित्र तेथे आहे: तीन माणसे गुडघे टेकून बसलेली, डोळ्यांवर पट्ट्या, मागे मारेकरी. आमच्यापुढील एका बाईने नकळत डोक्यावर रुमाल ओढून घेतला.