आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

गेल्या कोजागिरीला दुबईतल्या एका स्नेह्यांच्या अंगणात मंडळी जमली होती. मसाला दूध घेऊन गप्पा रंगल्या असताना यजमानांनी मला हळूच बाजूला बोलावले. त्यांच्या चिरंजीवांची गाडी, चार सिलिंडरची दोन लिटरची टर्बो, ऑगस्टपासून गॅरेजमध्ये पडून होती. "तुम्ही इंजिनिअरिंगमधले डॉक्टर. आमच्यात तर या विषयावर बोलणंच बंद झालंय. तुम्ही तरी त्याला विचारा, नेमकं झालं काय," ते म्हणाले. मुलगा आला. त्याने रुमालात गुंडाळून ठेवलेला पिस्टनचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. कड मेणासारखी वितळलेली होती. "काका, सॉफ्टवेअर तर बरोबर होतं हो!" एवढेच तो बोलला.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच लिहितो, त्यामुळे ते वाक्य मनात राहिले. दुसऱ्या दिवशी गाडीच्या संगणकाने केलेल्या नोंदींची फाइल त्याच्याकडून मागवून घेतली. त्याचे म्हणणे खरे होते. सॉफ्टवेअरने जे मागितले ते बरोबर होते. पण देणाऱ्यापाशी ते नव्हते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता गाडीवेडी मुले आहेत, म्हणून ही गोष्ट आकड्यांसह सांगतो.

आमच्या वडिलांच्या पिढीने कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी चालवली. तिच्यात कार्बोरेटर असे. हवा आत जाताना आपल्याबरोबर पेट्रोल ओढून नेई. १९६७ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत फोक्सवॅगनच्या १६०० मॉडेलमध्ये आली आणि पेट्रोल मोजून देण्याचे काम विजेवर चालणाऱ्या झडपेकडे गेले. हीच झडप म्हणजे इंजेक्टर. नाशिककरांना हा शब्द मायकोमुळे जुनाच ओळखीचा, पण मायकोची ख्याती डिझेलच्या इंजेक्टरची. आपला विषय पेट्रोलचा आहे.

या झडपेचा स्वभाव नीट समजून घ्यायला हवा. ती एकतर पूर्ण उघडी असते किंवा पूर्ण बंद. अर्धी उघडता येत नाही. पाठीमागे साधारण ३ बार दाबाचे पेट्रोल उभे असते. झडप उघडी असेपर्यंत ते ठरलेल्या वेगाने फवारले जाते. संगणकाच्या हातात एकच गोष्ट असते, ती किती वेळ उघडी ठेवायची. जुन्या चाळीत सकाळी तासभर पाणी येई, त्यासारखेच हे आहे. घरी चार पाहुणे जास्त आले म्हणून नळाची धार मोठी होत नाही आणि पाण्याची वेळही वाढत नाही.

आता ही 'पाण्याची वेळ' किती, ते पाहू. आपले इंजिन चार स्ट्रोकचे. दोन फेऱ्यांत एक चक्र पूर्ण होते आणि तेवढ्यात एका सिलिंडरचे पेट्रोल देऊन व्हायला हवे. गाडी उभी असताना ८०० फेऱ्यांना हे चक्र १५० मिलिसेकंदांचे असते. ६,००० फेऱ्यांना ते अवघ्या २० मिलिसेकंदांचे होते. म्हणजे इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल लागते, नेमका तेव्हाच वेळ सर्वांत कमी असतो. चक्राच्या जितक्या हिश्शात इंजेक्टर उघडा असतो त्याला 'ड्यूटी सायकल' म्हणतात. त्यातही उघडायला-मिटायला जाणारा साधारण १ मिलिसेकंद वाया जातो, म्हणजे ६,००० फेऱ्यांना ५ टक्के. म्हणून जाणते लोक ड्यूटी ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. १०० टक्के म्हणजे झडप मिटायला वेळच नाही, ती कायमची उघडी. त्यापुढे संगणकाने कितीही मागितले तरी थेंबभरही जास्त मिळणार नाही.

आता त्या मुलाच्या गाडीचा हिशेब. टर्बो इंजिनाला पूर्ण जोरात एका अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण ६ घनसेंटीमीटर पेट्रोल लागते. मूळ गाडी २०० अश्वशक्तीची, म्हणजे मिनिटाला १,२०० घ.सें.मी.; चौघांत वाटले तर एका इंजेक्टरला ३००. त्याच्या इंजेक्टरची क्षमता ३८०. म्हणजे ७९ टक्के, अधिक वाया जाणारे ५, एकूण ८४. कारखान्याने हिशेब चोख ठेवला होता.

मग एका गॅरेजने संगणकातले तक्ते बदलून टर्बोचा दाब ०.७ बारवरून १.१ बारवर नेला. बाहेरच्या हवेचा १ बार मिळवला तर १.७ चे २.१ झाले. हवा जवळजवळ २४ टक्के जास्त, म्हणून ताकदही तितकी वाढून सुमारे २४७ अश्वशक्ती. त्याला पेट्रोल इंजेक्टरमागे ३७० घ.सें.मी. लागणार. ते झाले साडेसत्त्याण्णव टक्के, अधिक ५, म्हणजे १०२ च्या वर. तक्त्यात हा आकडा सुखाने लिहिता येतो. इंजेक्टरला मात्र तो पाळता येत नाही.

आपण विचाराल, दोन-तीन टक्क्यांनी असे काय बिघडते? एरवी फारसे बिघडत नाही. टर्बो इंजिनात पूर्ण जोरावर मिश्रण मुद्दाम दाट ठेवतात. वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण, पण तेथे ११.५ ते १२ भागच हवा देतात. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते आणि पिस्टन वाचतो. मिश्रण पातळ झाले की उष्णता वाढते, मिश्रण वेळेआधी आपोआप पेट घेऊ लागते, इंजिन आतून ठोकू लागते. ते नॉकिंग काही सेकंद चालले तरी पिस्टनची कड जाऊ शकते.

आणि नेमके येथे आपले अमिरातीचे हवामान आडवे आले. ऑगस्टची दुपार, हवा आधीच भाजलेली, टाकीतले पेट्रोल तापलेले, फिल्टरमध्ये धूळ आणि पंप जुना. टर्बोचा दाब वाढला की पंपाला त्या दाबाविरुद्धही पेट्रोल ढकलावे लागते. नोंदीत स्पष्ट दिसत होते की पूर्ण जोरावर इंजेक्टरवरचा दाब ३ बारवरून अडीचवर आला होता. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून पेट्रोल सुमारे ९ टक्के घटले. दोन्ही तुटी मिळून ११.७ चे मिश्रण १३.२ पर्यंत पातळ झाले. गाडीत मिश्रण मोजणारा चांगला सेन्सर होता. संगणकाला तूट दिसत होती आणि तो ओरडून जास्त वेळ मागत होता. पण २० मिलिसेकंदांतले सगळे मिलिसेकंद आधीच खर्च झाले होते.

याच जागी मूळ गाडी असती तर? तेवढाच दाब पडूनही ड्यूटी ८४ वरून ९२ च्या आसपास गेली असती आणि संगणकाने तूट निमूट भरून काढली असती. घरात कुणाला कळलेही नसते. कारखान्याने मोकळे ठेवलेले ते १६ टक्के म्हणजे आळशीपणा नव्हता. जुना पंप, मळका फिल्टर आणि ऑगस्टची दुपार यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली ती गंगाजळी होती. दाब वाढवताना ती विकली गेली, आणि कुणी पावतीही फाडली नाही.

मग उपाय काय? इंधनाचा दाब वाढवणे हा सोपा वाटतो, पण वर्गमुळाचा नियम येथेही आहे. ३ चे ४ बार केले तर प्रवाह फक्त १५ टक्के वाढतो. दुप्पट हवा तर दाब चौपट. शिवाय दाब वाढला की पंपाची धार कमी होते. खरा उपाय मोठा इंजेक्टर आणि त्याला पुरेल असा पंप. मात्र मोठ्यालाही खालच्या बाजूची मर्यादा असते. गाडी उभी असताना इंजेक्टर जेमतेम अडीच मिलिसेकंद उघडतो, त्यातला एक वायाच. दुप्पट मोठा बसवला तर उरतात पाऊण मिलिसेकंद. इतक्या अल्प वेळात दरवेळी तेवढेच पेट्रोल पडेलच याची खात्री नसते; मग सिग्नलला गाडी हिसके देते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नव्या गाड्यांत तर पूर्ण चक्र मिळतच नाही. दोन फेऱ्यांतली अर्धी-पाऊण फेरीच उपयोगी पडते, म्हणून त्या बहुधा आणखी लवकर काठावर येतात.

लिवाच्या मोरीब टेकडीवर निसान पेट्रोल गाड्या वाळूचा चढ कापत जाताना आपण पाहिल्या असतील. त्या ४.८ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनांतून लोक मूळच्या कितीतरी पट ताकद काढतात. पण जाणकार माणूस तेथे टर्बोआधी इंजेक्टर, पंप आणि नळ्यांचा हिशेब मांडतो. तेथे गंमत पाहून आलेली मुले येथे फक्त तक्ता बदलून घेतात.

पुण्यामुंबईकडे नातलगांची अशी गाडी असेल तर एक गोष्ट आवर्जून कळवा. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. त्यात आपल्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून तीच ताकद हवी तर या मिश्रणाचे साधारण ७ टक्के जास्त इंधन फवारावे लागते. ज्याच्याकडे ७ टक्के शिल्लक नाहीत त्याने दाब वाढवण्याचा विचार सोडावा.

आपल्या मुलाने गाडी 'ट्यून' करायचा हट्ट धरला तर रागावण्याआधी गॅरेजवाल्याला तीन आकडे विचारा. पूर्ण जोरावर, सर्वांत वरच्या फेऱ्यांना ड्यूटी किती? त्याच क्षणी इंधनाचा दाब किती? आणि मिश्रण किती? तिन्ही आकडे उन्हाळ्याच्या दुपारी घेतलेले असावेत, जानेवारीच्या रात्रीचे नकोत. उत्तर न देता कुणी फक्त वाढलेली अश्वशक्ती सांगू लागला तर किल्ली परत घ्या. शिवाय येथे इंजिनात बदल करायला परवानगी लागते. नसेल तर दंड होतो आणि गाडीही जप्त होऊ शकते.

चिरंजीवांना हा सगळा हिशेब मी कागदावर मांडून दिला. त्यांनी तो वडिलांना समजावून सांगितला, आणि महिन्यांनंतर बापलेक एका टेबलाशी बसले, हे मला वहिनींकडून कळले. इंजिन पुन्हा बांधले आहे, दाब मूळचाच ठेवला आहे. परवा मुलाचा फोन आला होता. "काका, चौऱ्याऐंशी," एवढेच सांगून हसला.